मोडीच्या वर्गासाठी व्हिडिओ कॉन्फरन्सिंग : कोणत्या कॅमेऱ्याला कोणतं सेटिंग लावावं?

ग्रंथघर | रविवार, दुपारी १.१०

नमस्कार मंडळी,

मी कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. आमच्या सभागृहात दर रविवारी सकाळी १० वाजता मोडी लिपीचा वर्ग भरतो. शिकवणाऱ्या बाई ७४ वर्षांच्या आहेत. समोर बसून शिकणारे बाराएक जण, आणि दुरून जोडून घेणारे जवळपास तेवढेच. त्यात पुण्याचे आहेत, बडोद्याचे आहेत, एक तंजावरच्या आहेत आणि दोघं अमेरिकेतून मध्यरात्री जागून बसतात. त्यांना अक्षर नीट दिसत नाही याची मला मनापासून रुखरुख आहे, म्हणून हा धागा.

आतापर्यंत लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर भागवत होतो. दोन महिन्यांपूर्वी सभासदांनी वर्गणी काढून एक वापरलेली व्हिडिओ कॉन्फरन्सिंग यंत्रणा घेतली. कोडेकचा डबा (चित्र आणि आवाज दाबून पलीकडे पाठवणारं यंत्र), रिमोटवर फिरणारा कॅमेरा, टेबलावर ठेवायचा डॉक्युमेंट कॅमेरा आणि ४३ इंची दोन टीव्ही. विकणाऱ्यांनी केबली जोडून दिल्या, चित्र आलं म्हणाले आणि गेले. चित्र येतं, पण शिकता येईल असं येत नाही.

काय होतं ते सांगते. बाई डॉक्युमेंट कॅमेऱ्याखाली लिहायला लागल्या की पलीकडे रेघ टप्प्याटप्प्याने उमटते. लेखणी इथे होती, पुढच्या क्षणी एकदम तिथे. मोडी हात न उचलता लिहायची लिपी, त्यात लेखणी कुठून कुठे वळली हेच तर शिकायचं असतं. लॅपटॉपवरून जुन्या पत्राचं स्कॅन दाखवलं तर ते धुरकट दिसतं. कागद टीव्हीवर आला की बाईंचा चेहरा गायब होतो. टीव्हीवर पानाची वरची ओळ आणि उजवी कड कापली जाते. आणि सभागृहाच्या चित्रात वरून खाली सरकणारे काळसर पट्टे दिसतात.

मेन्यूत पन्नास सेटिंगं आहेत. कोणतं कशासाठी हे कुणी समजावून सांगेल का? दुसरी यंत्रणा घ्यायला पैसे नाहीत, आहे त्यातूनच करायचं आहे.

सह्यकडा | रविवार, दुपारी २.०५

ताई, फार चांगलं काम करताय. पण एवढा खटाटोप कशाला? एक मोबाइल स्टँडवर आडवा लावा, झूममध्ये त्याला वेगळा सभासद म्हणून जोडा, झालं. आमच्या गणिताच्या शिकवण्या असंच चालवतो.

तारमास्तर | रविवार, सायंकाळी ५.३०

मी दूरसंचारमध्ये ३१ वर्षं काढली, त्यातली शेवटची काही व्हिडिओ कॉन्फरन्सच्या खोल्या सांभाळण्यात. सविस्तर लिहितो, कारण या खोल्यांत निम्म्याहून जास्त तक्रारी यंत्र बिघडल्याच्या नसतात, त्याला काय जोडलंय ते न सांगितल्याच्या असतात.

कोडेकला मागे जितकी इनपुट आहेत, त्या प्रत्येकाला स्वतंत्र सेटिंग असतं. पिनेला काय जोडलंय हे डब्याला आपसूक कळत नाही. एचडीएमआय १ ला फिरणारा कॅमेरा, २ ला डॉक्युमेंट कॅमेरा, ३ ला लॅपटॉप असेल तर मेन्यूत जाऊन तिन्हींना नाव आणि प्रकार द्या : कॅमेरा, डॉक्युमेंट कॅमेरा, पीसी. मग त्याच पानावर गुणवत्तेचा पर्याय दिसेल. बहुतेक कंपन्यांत त्याला मोशन आणि शार्पनेस अशी नावं असतात. शार्पनेस लावलं की डबा बारकावा राखतो आणि सेकंदाला जाणाऱ्या फ्रेम कमी करतो. मोशनमध्ये उलट, हालचाल गुळगुळीत जाते आणि गरज पडली तर रेझोल्यूशन उतरतं. तुमच्या डॉक्युमेंट कॅमेऱ्याला शार्पनेस लागलेलं असणार, म्हणून रेघ उड्या मारते. ते बहुधा कारखान्यातूनच तसं येतं, कारण असा कॅमेरा छापील कागद दाखवायला वापरतील असं त्यांनी धरलेलं असतं.

चेहरा गायब होण्याचं कारण वेगळं. एका कॉलमध्ये दोन चित्रं वेगवेगळी पाठवायची तर दोन्ही टोकांना तशी भाषा यावी लागते. एच.३२३ आणि एसआयपी या कॉल जोडायच्या दोन पद्धती; पहिलीत त्या भाषेचं नाव एच.२३९, दुसरीत बीएफसीपी. ती बंद असली की डबा एकच चित्र पाठवतो, आणि कागद शेअर केला की कॅमेऱ्याच्या जागी कागद जातो. मेन्यूत प्रेझेंटेशन किंवा कंटेंटच्या सदरात बघा. आणि कॉल कशावरून लावता तेही सांगा.

ग्रंथघर | रविवार, रात्री ८.१५

तारमास्तर काका, खूप आभार. तुम्ही म्हणालात तेच निघालं, इनपुट २ ला शार्पनेस होतं. इनपुट ३ चा प्रकार कॅमेरा असा होता आणि त्याला मोशन! लॅपटॉपवरची पत्रं धुरकट का, ते कळलं.

दूरचे सगळे झूमवर असतात. आमचा डबा एसआयपीने झूमच्या मीटिंगला जोडतो. मीटिंगचा आकडा, त्यापुढे ॲट आणि झूमसीआरसी डॉट कॉम. ही सोय वेगळे पैसे भरून घ्यावी लागते, तो खर्च अमेरिकेतले दोन विद्यार्थी देतात. बीएफसीपी बंद होतं, आता चालू केलं. बाई आणि कागद दोन्ही दिसायला लागले.

सह्यकडा, मोबाइलचा प्रयोग आम्ही केला होता. बाईंचा हात चौकटीत आला की फोकस हातावर जायचा, कागद पुसट व्हायचा. प्रत्येक ओळीला तेच.

प्रकाशवेडा | रविवार, रात्री ९.४०

पट्ट्यांचं मी सांगतो, छायाचित्रणाचा धंदा आहे.

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. चोकवाली ट्यूब त्यामुळे सेकंदाला १०० वेळा उजळते आणि मंदावते. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. बरेच कॅमेरे अमेरिकेतल्या ६० हर्ट्झला जुळवून येतात आणि शटर १/६० वर धरतात. १/६० सेकंदात १०० पैकी पावणेदोनच्या आसपास झोत सापडतात, म्हणजे कधी जास्त उजेड, कधी कमी. तेच पट्टे होऊन सरकतात. शटर १/५० केलंत तर बरोबर २ झोत, १/१०० केलंत तर बरोबर १. मग पट्टे दिसत नाहीत. कॅमेऱ्याच्या मेन्यूत अँटी-फ्लिकर नावाचं सेटिंग असेल, ते ५० हर्ट्झ करा. स्वस्त एलईडी बल्बही असेच लुकलुकतात, त्यामुळे ट्यूब बदलली म्हणून सुटका होईलच असं नाही.

डॉक्युमेंट कॅमेऱ्याचं फार महत्त्वाचं : ऑटो फोकस बंद. ऑटो एक्स्पोजर बंद. ऑटो व्हाइट बॅलन्सही बंद. पांढरा कागद दिसला की ऑटो कॅमेरा चित्र काळवंडवतो, त्याला वाटतं उजेड जास्त झाला. हात आला की परत उजळवतो. पाहणाऱ्याला ते डोळ्यांवर सतत पडदा उघडल्या-मिटल्यासारखं वाटतं. कोरा कागद ठेवा, त्यावर एक शब्द लिहा, फोकस त्या शब्दावर जमवा, कागद जेमतेम पांढरा दिसेल इतका उजेड ठेवा आणि सगळं तिथेच कुलूपबंद करा. मोबाइलमध्येही हेच करता येतं, पडद्यावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड लॉक होतो. सह्यकडांचा उपाय चुकीचा नाही, एवढी एक पायरी राहिली होती.

बाई उजव्या हाताने लिहीत असतील तर दिवा डावीकडून, तिरका. डोक्यावरच्या ट्यूबची सावली नेमकी लेखणीच्या टोकावर पडते.

कावेरीकाठ | सोमवार, सकाळी ७.२०

मी तंजावरहून या वर्गाला बसते. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलली जाते, पण मोडी वाचणारं आता कुणी उरलं नाही. इथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडीचे ढीगभर कागद आहेत, ते वाचता यावेत म्हणून शिकते आहे. बाईंचा आवाज स्वच्छ येतो. अक्षराचं मात्र ताई म्हणतात ते खरंच. मी लॅपटॉपवर पाहते. मला पान इतकं लहान का दिसतं? आणि बाई लाल शाईने चूक दुरुस्त करतात ती तर मला दिसतच नाही, नुसता गुलाबी डाग दिसतो.

दुर्बीण | सोमवार, सकाळी ११.००

कावेरीकाठ ताई, लाल शाईचं कारण गमतीशीर आहे. व्हिडिओ पाठवताना जवळजवळ सगळ्या यंत्रणा उजेडाची माहिती पूर्ण बारकाव्याने पाठवतात, पण रंगाची माहिती आडवी निम्मी आणि उभी निम्मी करून पाठवतात. चार ठिपक्यांना मिळून एकच रंग. काळ्या रेघेला याने फरक पडत नाही, ती मुळात उजेडातलाच फरक आहे. लाल बारीक रेघ मात्र आजूबाजूच्या पांढऱ्यात मिसळून गुलाबी होते. कोणतंही सेटिंग लावून हे पुरतं जायचं नाही. बाईंना दुरुस्ती काळ्या किंवा गडद निळ्या शाईने, जरा जाड टोकाने करायला सांगा. हवं तर मूळ अक्षर पेन्सिलने लिहावं.

पान लहान दिसतं, कारण झूममध्ये चेहरा आणि शेअर शेजारी-शेजारी मांडले गेले असतील. वर व्ह्यू ऑप्शन्समध्ये जाऊन ओरिजिनल साइझ निवडा, किंवा मधली कड ओढून कागदाची बाजू मोठी करा.

आता ग्रंथघर ताईंसाठी थोडा हिशेब. तुम्ही कॅमेऱ्याखाली अख्खं ए-४ पान आडवं दाखवता का? त्याची रुंदी २९७ मिलिमीटर. १०८०पी मध्ये आडवे १९२० ठिपके, म्हणजे एका मिलिमीटरला साधारण साडेसहा ठिपके. बोरूच्या अर्ध्या मिलिमीटरच्या बारीक शेपटीला तीन. वाटेत चित्र दाबलं जातं त्यात तीन ठिपके कुठे टिकणार? आता कॅमेरा जवळ आणा, चौकट फक्त १५० मिलिमीटर रुंद ठेवा. मग ७२०पी असलं तरी १२८० ठिपके त्या १५० मिलिमीटरला मिळतात, म्हणजे मिलिमीटरला साडेआठ. कमी रेझोल्यूशन, तरी अक्षर जास्त स्पष्ट! ७२०पी झालं की डब्याला सेकंदाला ३० फ्रेम पाठवायला मोकळीक मिळते, म्हणजे लेखणीची हालचालही सलग जाईल. चौकटीची उंची ८४ मिलिमीटर उरेल. बाईंच्या वळणदार अक्षरात पाच ओळी सहज मावतील. पान संपलं की कागद वर सरकवायचा.

तारमास्तर | सोमवार, दुपारी १२.१०

दुर्बीण यांचा हिशेब चोख आहे. मोशन की शार्पनेस या वादात लोक अडकतात आणि चौकट लहान करायचं विसरतात. म्हणजे ताई, डॉक्युमेंट कॅमेऱ्याला मोशन आणि जवळची चौकट, लॅपटॉपच्या इनपुटला शार्पनेस. स्कॅन हलत नाही, त्याला सेकंदाला पाच फ्रेम पुरतात.

कॉलचा दर, म्हणजे सेकंदाला किती डेटा पाठवायचा तो, किती ठेवलाय? आणि तुमच्या इंटरनेटचा अपलोड किती? डाउनलोड नको, अपलोड सांगा.

ग्रंथघर | सोमवार, सायंकाळी ६.४५

अपलोड मोजला, ४ एमबीपीएसच्या आसपास. डब्यात कॉलचा दर ६ एमबीपीएस लावून ठेवलेला आहे. आज सकाळी चौकट लहान करून पाहिली. समोरच्या टीव्हीवर तर फार सुंदर दिसतंय.

तारमास्तर | सोमवार, सायंकाळी ७.३०

समोरच्या टीव्हीवर सुंदरच दिसणार. तो तुमच्याच डब्यातून सरळ येतो, इंटरनेटमधून जाऊन परत आलेला नाही. मी नोकरीत असताना पहिला नियम हाच केला होता की सेटिंग बदलणाऱ्याने स्वतःच्या पडद्याकडे पाहून काही ठरवायचं नाही. मोबाइल घ्या, वायफाय बंद करा, मोबाइलच्या डेटावर झूममध्ये स्वतःच जोडा आणि शेजारच्या खोलीत जाऊन पाहा. त्याहून चांगलं म्हणजे कावेरीकाठ ताईंना पडद्याचा फोटो पाठवायला सांगा.

४ चा अपलोड असताना ६ चा कॉल म्हणजे डेटाची पाकिटं वाटेत गळणार. पलीकडे चित्रात चौकोन-चौकोन दिसत असतील तर ते त्यामुळेच. दर २ एमबीपीएस करा. झूमची स्वतःची शिफारस समोरासमोरच्या ७२०पी कॉलला १.२ ची आहे, आणि तुमची दोन चित्रं आहेत. हा दर दोन्ही चित्रांत वाटला जातो. काही डब्यांत माणसांना प्राधान्य की कंटेंटला, असा पर्याय असतो. तो असेल तर कंटेंटला द्या. बाईंचा चेहरा थोडा साधा गेला तर चालेल.

बडोदेकरीण | सोमवार, रात्री १०.००

मीही याच वर्गातली. एक विचारायचं राहिलं होतं. मी गृहपाठ कॅमेऱ्यासमोर धरते तेव्हा मला माझी वही उलटी दिसते, आरशात दिसावी तशी. बाईंनाही उलटीच दिसते का? मी संकोचाने वही दाखवायचंच सोडून दिलं आहे.

दुर्बीण | सोमवार, रात्री १०.२०

नाही हो, मुळीच नाही. झूममधलं मिरर हे फक्त तुम्हाला स्वतःला दिसणाऱ्या चित्रापुरतं असतं. समोरच्याला वही सरळच दिसते. व्हिडिओ सेटिंगमध्ये मिरर काढून टाका म्हणजे तुम्हालाही सरळ दिसेल. वही जरूर दाखवा.

बाहेरचा वेबकॅम लांब केबलवर लावला असेल तर एक लक्षात ठेवा : यूएसबी २ ची साधी केबल ५ मीटरच्या पुढे नेऊ नये. न दाबलेलं १०८०पी चित्र सेकंदाला ३० फ्रेमने न्यायचं तर जवळजवळ १००० एमबीपीएस लागतात आणि यूएसबी २ ची क्षमता ४८०. म्हणून कॅमेरा आतच चित्र दाबून पाठवतो, आणि केबल कच्ची असली की तेही अडखळतं.

लेखणीदौत | मंगळवार, सकाळी ९.१५

लॅपटॉपच्या स्वतःच्या सेटिंगचं कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो. ग्रंथघर ताई, लॅपटॉप डब्याला जोडल्यावर डुप्लिकेट (दोन्ही पडद्यांवर तेच) करता की एक्स्टेंड (दुसरा पडदा वेगळा)? डुप्लिकेटमध्ये विंडोज दोन्ही पडद्यांना जमेल असं एकच रेझोल्यूशन धरतं, जुन्या लॅपटॉपवर ते १३६६ बाय ७६८ होतं. मग डबा ते ताणून १९२० करतो आणि अक्षराच्या कडा विरघळतात. एक्स्टेंड करा, दुसऱ्या डिस्प्लेला १९२० बाय १०८० द्या. स्कॅन त्या पडद्यावर ओढून न्या आणि संपूर्ण पत्र दाखवण्याऐवजी तीन-चार ओळी मोठ्या करून दाखवा.

कागद राखाडी आणि शाई फिकी दिसत असेल तर रंगाची पट्टी जुळत नाही असं समजा. कॉम्प्युटर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ० ते २५५ मोजतो, टीव्हीच्या जगात १६ ते २३५. एकाने एक धरलं आणि दुसऱ्याने दुसरं, तर शाई फिकी तरी पडते, नाहीतर बारीक छटा काळ्यात बुडतात. डब्याच्या इनपुटला ऑटो, फुल, लिमिटेड असे पर्याय असतील. लॅपटॉपच्या पिनेला फुल करून पाहा.

टीव्हीची कड कापली जाते ते ओव्हरस्कॅन. काचेच्या नळीच्या टीव्हीच्या काळापासून चालत आलेली सवय आहे ही, कडेचा भाग कापूनच दाखवायची. टीव्हीच्या रिमोटवर पिक्चर साइझमध्ये जा. एलजीमध्ये जस्ट स्कॅन, सॅमसंगमध्ये स्क्रीन फिट, सोनीमध्ये फुल पिक्सेल अशी नावं सापडतील. पलीकडच्यांना मात्र ती ओळ दिसतच होती, हे फक्त तुमच्या टीव्हीचं दुखणं.

ग्रंथघर | मंगळवार, दुपारी ३.३०

लेखणीदौत, डुप्लिकेटच होतं! एक्स्टेंड करताच १७ व्या वेळी पाहत असलेलं पत्र मी पहिल्यांदा नीट वाचलं. टीव्हीची कडही आली.

आता एकच प्रश्न. दोन टीव्हींवर काय ठेवावं? सध्या दोन्हींवर तेच दिसतं.

तारमास्तर | मंगळवार, सायंकाळी ५.००

आउटपुटच्या पानावर प्रत्येक टीव्हीची भूमिका ठरवता येते : पहिला, दुसरा, फक्त प्रेझेंटेशन. आणि वर मॉनिटरच्या सदरात सिंगलऐवजी ड्युअल करा. एका टीव्हीवर दूरची माणसं, दुसऱ्यावर कागद. माणसांचा टीव्ही फिरत्या कॅमेऱ्याच्या अगदी खाली लावा. बाई विद्यार्थ्यांकडे पाहतील तेव्हा त्या कॅमेऱ्यात पाहतील, आणि तंजावरला बसलेल्या माणसाला वाटेल की आपल्याशी बोलतायत. टीव्ही तीन फूट बाजूला असला की बाई कायम दुसरीकडे बघून बोलताना दिसतात. हे कोणत्याच मेन्यूत नसतं, म्हणून आवर्जून सांगतो.

स्वतःचं चित्र बंद ठेवा. ७४ वर्षांच्या माणसाला शिकवताना समोर स्वतःचा चेहरा हलताना दिसणं त्रासाचं होतं.

आणि दोन्ही टीव्हींना गेम मोड लावा. टीव्ही चित्र गुळगुळीत करण्याच्या नादात उशीर करतो, तेवढा उशीर प्रश्नोत्तरांत खटकतो.

ग्रंथघर | रविवार, दुपारी १२.२०

आजचा वर्ग झाला. जे केलं ते लिहून ठेवते, दुसऱ्या कुठल्या वाचनालयाला उपयोगी पडेल.

फिरता कॅमेरा : मोशन, अँटी-फ्लिकर ५० हर्ट्झ, शटर १/५०. पट्टे गेले. डॉक्युमेंट कॅमेरा : मोशन, ७२०पी, चौकट १५ सेंटिमीटर रुंद, फोकस आणि उजेड बांधलेला, डावीकडून टेबललॅम्प. हा कॅमेरा बाईंच्या समोरच्या बाजूने येतो म्हणून चित्र त्याच्याच बटणाने १८० अंश फिरवलं. आधी आम्ही मिरर दाबत होतो, त्याने अक्षर उलटं व्हायचं. लॅपटॉप : शार्पनेस, फुल, एक्स्टेंड. कॉल २ एमबीपीएस. बाईंनी लाल दौत घरी ठेवली आणि काळी आणली, तेवढं त्यांना जड गेलं. पन्नास वर्षं वह्या लाल शाईने तपासल्या आहेत त्यांनी.

वर्गाच्या आधी पाऊण तास बडोदेकरीण ताई आणि न्यूजर्सीचे दादा दोघंही जोडून बसले होते. मी एकेक सेटिंग बदलायची आणि ते पडद्याचा फोटो पाठवायचे. न्यूजर्सीत तेव्हा मध्यरात्र जवळ आली होती.

कावेरीकाठ | रविवार, दुपारी १.०५

बाईंनी आधी आडवी रेघ ओढली आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहीत गेल्या, ते मी सलग पाहिलं. काना खालून वर चढतो, हे इतके महिने मला माहीतच नव्हतं. मी तो वरून खाली ओढत होते आणि दर अक्षराला हात उचलत होते. आज दुपारी बसून सगळी बाराखडी पुन्हा लिहिली. पुढच्या रविवारी वही दाखवते.